खाऱ्या हवेतली जुनी सायकल चालती करताना

मालवण असो, गुहागर असो, किनाऱ्यावरच्या घरात माळ्यावर पडलेली 28 इंची, रॉडब्रेकची (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) काळी सायकल वरून भयंकर दिसते, पण बहुतेकदा आतून शाबूत असते. एक जागा मात्र मी आधी तपासतो. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी बॉटममध्ये, म्हणजे पायडलांचा आस जिथून जातो त्या आडव्या नळीत साचतं, त्यामुळे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन खालच्या नळ्या आतून सडतात. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या नळ्यांवर जोरात दाबून बघायचं. टोक आत गेलं तर फ्रेम सोडून द्यावी आणि सुटे भाग तेवढे ठेवावेत. वरचा गंज कितीही लालभडक असो, त्याला घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे खरा शत्रू मीठ. पॉलिश पेपर मारून थेट प्रायमर लावला की रंगाखाली अडकलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. म्हणून गंज घासण्याआधी एकदा आणि घासल्यावर पुन्हा, भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. समुद्रालगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, ते पाणी नको. हे काम दिवाळीनंतर काढावं. श्रावणात धुतलेलं लोखंड सुकेपर्यंत पुन्हा तांबूस होतं.

सुटं करताना दोन आटे उलटे असतात: डावं पायडल आणि बॉटमचा उजवा कप (आसाच्या टोकाची बेअरिंगची वाटी). दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतात. उजवा कप खराब नसेल तर मी त्याला हातच लावत नाही, आतूनच पुसून घेतो.

नवशिक्याचा घाम काढते ती क्रँकची कॉटर पिन, म्हणजे पायडलाचा दांडा (क्रँक) आसाला जखडणारी पाचर. रात्रभर डिझेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, त्याचा वरचा काठ पिनेच्या टोकाच्या पातळीत येईल इतकाच सैल करा. क्रँकखाली, पिनेच्या डोक्याला जागा राहील असा, जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवा. तो सिमेंटच्या जमिनीवर हवा, जांभ्याचा चिरा फुटतो. मग किलोभराच्या हातोडीचा एकच सणसणीत घाव. टुकटुक ठोकत बसलं की पिनेचं टोक पसरतं, वाकतं आणि शेवटी दुकानात ड्रिल मारून काढावी लागते. आधाराशिवाय ठोकलं तर मार पिनेऐवजी छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) आणि कपावर जातो. नवी पिन आणताना जुनी सोबत न्या, जाडीत फरक असतो.

छर्रे जुने परत घालू नयेत. या धर्तीच्या सायकलीत दर बाजूला बहुधा बॉटमला पाव इंची 11, मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पाव इंचीच 9, पुढच्या हबला 3/16 इंची 10. तरी काढताना मोजून ठेवा. कप भरल्यावर एका छर्ऱ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे.

नट, बोल्ट, ब्रेकचे रॉड यांना लिंबूसत पुरतं: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम, रात्रभर. सकाळी काळा थर ब्रशने काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, धुऊन उन्हात तापवायचं आणि गरम असतानाच तेल लावायचं. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. त्यातलं क्लोराइड म्हणजे पुन्हा तोच खारा त्रास, शिवाय स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग ठिसूळ होऊन तुटतात. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्रही बुडवू नये. डिझेलने धुऊन पातळ ऑइल सोडलं की बहुधा फिरू लागतं.

रिमच्या क्रोमवर ओला, चुरगळलेला ॲल्युमिनियम फॉइल घासला की गंज उतरतो आणि उरलेल्या क्रोमवर चरे पडत नाहीत. रॉडब्रेकचं रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या बाजूला लागतं. ती बाजू गुळगुळीत हवी. तरीही ओल्या क्रोमवर हा ब्रेक फार कमी धरतो. पावसात घाटी उतरताना तो भरवसा ठेवू नका. तारांच्या निपलवर (रिमजवळच्या छोट्या नटांवर) तेलाचा थेंब सोडून ठेवा, पण चाकाचा आऊट (डुगडुग) काढायचं काम खुशाल दुकानात द्या.

जुना रंग आणि सोनेरी रेघा टिकल्या असतील तर सगळी फ्रेम खरवडू नये, फक्त उघड्या पडलेल्या जागी रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर काळा इनॅमल. दव पडायच्या बरंच आधी काम उरकावं, नाहीतर चकाकी मरते. सीटच्या नळीतून पाव वाटी इंजिन ऑइल ओतून फ्रेम सगळीकडे कलती करा.

टायर 28 × 1½ चाच घ्या. आजकालच्या सायकलींचा 700सी मापाचा बसत नाही. त्याच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर, हिचा 635. चेनला खोबरेल नको, ग्रीसही नको. चिकटलेली लाल धूळ दात झिजवते. पातळ ऑइल घालून बाहेरून पुसून टाका.

जोडताना दोन्ही कॉटर उलटसुलट दिशेने घाला, तरच पायडलं एका रेषेत येतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पिना बसतात आणि ढिल्या होतात. तेव्हा नट आवळून पिन ओढायची नाही, आटे जातात. पुन्हा आधार देऊन डोक्यावर घाव घालायचा आणि मगच नट कसायचा.