माउंट केलेल्या शेअरवर आरसिंक का रडतं

दोन ठिकाणच्या सर्व्हरवरचे मोठे शेअर (नेटवर्कवर वाटलेले फोल्डर) सिंक ठेवायचे म्हटलं की पलीकडचा शेअर एसएमबीने किंवा एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारे प्रोटोकॉल) इकडे माउंट करायचा, म्हणजे लोकल फोल्डरसारखा जोडायचा, आणि दोन फोल्डरमध्ये आरसिंक (फाइल कॉपी आणि सिंक करणारं टूल) लावून द्यायचं, असं सर्रास केलं जातं. चालतं ते, पण आरसिंकचा खरा फायदा तिथेच संपतो.

दोन्ही पाथ लोकल दिसले की आरसिंक डेल्टा (फक्त बदललेला भाग पाठवण्याची पद्धत) वापरत नाही, अख्खी फाइल लिहितं. 20 जीबीच्या फाइलमध्ये 5 एमबी बदलले तरी लाइनवरून 20 जीबीच जाणार. '--नो-होल-फाइल' देऊन डेल्टाची जबरदस्ती केली तर आणखी वाईट. ब्लॉकचे (फाइलच्या तुकड्यांचे) चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारे छोटे आकडे, काढायला पलीकडची जुनी फाइल नेटवर्कवरून इकडे वाचावी लागते आणि मग नवी पूर्ण तिकडे लिहावी लागते. म्हणून पलीकडच्या मशीनवरही आरसिंक बसवा आणि दोघांना एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट कनेक्शन) बोलू द्या. तिकडचे चेकसम तिकडच्याच डिस्कवर निघतात, लाइनवर फक्त फरक येतो. लाखो छोट्या फाइल असतील तर फायदा जास्तच, कारण माउंटवर प्रत्येक फाइलची तारीख विचारायलाही नेटवर्कवर एक फेरी पडते.

पहिली कॉपी लाइनवरून करू नका. 10 टीबी डेटा 100 एमबीपीएसवर, लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी, नऊ दिवसांहून जास्त घेतो. डिस्कवर भरून पाठवा, पण भरताना फाइलच्या तारखा टिकवा. आरसिंक आकार आणि तारीख पाहून फाइल वगळतं. तारीख बदललेली असेल तर सगळ्या फाइल दोन्हीकडे पुन्हा वाचल्या जातात. आरसिंकचा आर्काइव्ह मोड तारखा सांभाळतो. हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं) आणि एसीएल (कोणाला कोणते हक्क याची यादी) मात्र वेगळे मागावे लागतात.

'--डिलीट' (सोर्समध्ये नसलेल्या फाइल पलीकडूनही पुसणारा पर्याय) जपून. सोर्सची डिस्क माउंट झाली नाही तर तिथे रिकामं फोल्डर दिसतं, आणि आरसिंक पलीकडचंही इमानदारीने रिकामं करतं. सोर्समध्ये एक खूणफाइल ठेवा, ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. जोडीला '--मॅक्स-डिलीट' (किती फाइल पुसायच्या याची मर्यादा) आणि '--बॅकअप-डिर' (पुसलेल्या फाइल बाजूला ठेवणारं फोल्डर). क्रॉनची (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं टूल) आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक, म्हणजे स्क्रिप्टला लावलेलं कुलूप.

विंडोजवर रोबोकॉपी (विंडोजचं कॉपी टूल) असेल तर '/आर:1 /डब्ल्यू:5' (5 सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न) न विसरता द्या. नाहीतर एका लॉक झालेल्या फाइलसाठी ते 30-30 सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं.

हे सगळं एकतर्फी सिंकचं. दोन्हीकडून लिहिणारे असतील तर विंडोजवर डीएफएस रेप्लिकेशन (दोन्हीकडचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारी सोय) आहे, पण ते दोन साइटमध्ये फाइल लॉक करत नाही. दोघांनी एकच फाइल बदलली तर शेवटी सेव्ह करणारा जिंकतो, दुसऱ्याचं काम कॉन्फ्लिक्ट फोल्डरमध्ये जातं आणि तिथला कोटा भरला की पुसलंही जातं. स्टेजिंगचा (पाठवायच्या फाइल तात्पुरत्या ठेवण्याच्या जागेचा) डिफॉल्ट 4 जीबी कोटाही मोठ्या शेअरला अपुरा पडतो. शेअरमधल्या सर्वांत मोठ्या 32 फाइलींच्या बेरजेइतका तरी तो ठेवा. आणि शक्य असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क एकाच साइटला द्या, दुसरीकडे ते फक्त वाचण्यापुरतं.