अण्णाची सायकल, चौथा रविवार: मागचं चाक

सकाळी सहाला गच्चीवर बसलो आणि साडेनऊला उठलो, तरी काम अर्धंच. सोलापूरचा मे आहे. नऊनंतर पाना हातात धरवत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: काळी अ‍ॅटलास, 28 इंची, रॉड ब्रेकची. मी चौथीत असताना बाबांनी आम्हा दोघा भावांत मिळून घेतली, पण ती कायम अण्णाचीच राहिली. अण्णा गेला त्याला दोन वर्षं झाली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, भंगारवाला दोनदा विचारून गेला. तुम्ही नेता का?" नेली.

मागच्या चाकात 40 स्पोक, पुढच्यात 32. जुनी रीत आहे, ओझं मागे म्हणून तारा मागे जास्त. डिझेलमध्ये चिंधी बुडवून एकेक पुसत गेलो, तर चार स्पोक बाकीच्यांपेक्षा जाड निघाले, निपलही (स्पोक आवळायचे नट) वेगळे. चारही शेजारीशेजारी. हात तिथेच थांबला.

संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. साखर पेठेतून होम मैदानापर्यंत डबलसीट, मी मागे कॅरियरवर. गर्दीत नंदीध्वज दिसतात का बघायला मान वळवली आणि टाच चाकात गेली. चार स्पोक तुटले, टाच सोलून निघाली. अण्णाने मला उचलून कडेला बसवलं, रुमाल बांधला आणि पहिलं वाक्य हे: "रडालास कशाला बे? पडलो म्हणून सांगू घरात." पाळण्याचे आणि मौत का कुआँचे जपून ठेवलेले पैसे त्याने दुकानात नेऊन दिले. दुकानदाराकडे मापाचे स्पोक नव्हते, जाड होते, तेच बसवून घेतले. परतताना मी सीटवर आणि तो पायी, हँडल धरून. बाबांना तो स्वतःच पडल्याचं सांगितलं. मार त्याला बसला, हळद मला.

आता प्रश्न असा की ते चार स्पोक काढायचे का. इथले जाणकार म्हणतील, ताण सारखा येत नाही, बदला. बरोबर आहे. सायकल उलटी करून, मडगार्डच्या तारेला खडू टेकवून चाक फिरवलं, तर खडू नेमका तिथेच घासला. आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढताना नेहमीचंच केलं: रिम ज्या बाजूला आलीय त्या बाजूचे स्पोक पाव फेरा सैल, समोरच्या बाजूचे पाव फेरा घट्ट. घाई केली की रिम अंड्यासारखी होते, हा धडा पुढच्या चाकावर गिरवून झालाय. तासाभराने आडवा, म्हणजे डावी-उजवीकडचा, आउट दोनेक मिलिमीटरवर आला आणि तिथेच अडला. पण रॉड ब्रेकचे रबर रिमच्या कडेला नाही, आतून लागतात. म्हणून आडवा आउट थोडा चालून जातो, उभा, म्हणजे वर-खालचा, चालत नाही. उभा मी पूर्ण काढलाय. स्पोक राहिले.

क्रँकचं, म्हणजे पायडलच्या दांड्याचं, मात्र ठरेना. डाव्या क्रँकमध्ये पितळी बुश, म्हणजे भोकात बसवलेली कडी, आहे, हीसुद्धा अण्णाचीच करामत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. पायडल निघेना म्हणून तो पान्यावर चक्क उभा राहिला, मी टाळ्या वाजवत होतो. आटा गेला. सुट्टीत मागासाठी सुताच्या कांड्या भरून मिळालेले पैसे लेथवाल्याला देऊन त्याने बुश बसवून घेतला आणि बाबांना कळेपर्यंत वर ग्रीस थापून ठेवलं. बुश आता किंचित हलतो. नवा क्रँक मिळतो, पण त्यावर जुना शिक्का नाही. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी. तेव्हापासून मूळ माल म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना साठा. लेथवर नवा बुश करून घ्यावा असं मनात आहे. जुना बुश डबीत ठेवीन.

कॉटर, म्हणजे क्रँक धुरीवर पक्का धरणारी खीळ, काढताना एक गोष्ट जपा. नट पूर्ण काढू नका, आट्याच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा आणि क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार देऊन मगच हातोडी मारा. मी आधार न देता दोन घाव घातले, धुरीच्या बेअरिंग-गोळ्यांच्या कपावर ताण आला असणार. नशीब, चरा पडला नाही. बसवताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत.

सीटची नळी फ्रेममध्ये गंजून पक्की धरलीय. सीट अण्णाच्या उंचीला आहे, तो माझ्यापेक्षा चांगला दोन इंच उंच. बसून बघितलं, माझे पाय टेकत नाहीत. तिथे अजून डिझेल सोडलेलं नाही.

पुढच्या रविवारी चेन आणि फ्रीव्हील. कुणाकडे जुनं पूर्ण चेनकव्हर असेल तर सांगा. काळंच हवं, पोचे पडलेले चालतील.