होकायंत्रवाला चाकू आणि त्यानंतरचे दोन

परवा ऑफिसातल्या एका नव्याने ट्रेकिंगचं वेड लागलेल्या पोराने विचारलं, दादा एक चाकू सांग ना, बजेट दोन-अडीच हजार, फोल्डिंग नको, फिक्स्ड ब्लेडच पाहिजे, आणि खाली एक लिंक. लिंक उघडली आणि हसायलाच लागलो, कारण हा माझ्या पहिल्या चाकूचा सख्खा भाऊ. काळं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, मुठीच्या बुडाला होकायंत्र आणि आत गळ, सुई-दोरा, काड्यापेटीच्या चार काड्या. मी घेतला तेव्हा ७०० रुपयांना मिळाला होता आणि आठवडाभर मी घरात तो म्यानातून काढायचा आणि परत घालायचा एवढंच करत होतो. आई म्हणाली, त्याने निदान भाजी तरी चिर.

चिरली असती तर तिथेच कळलं असतं. पण ते कळायला जुलै उजाडला. राजमाचीला उधेवाडीत मुक्काम होता, दिवसभर पाऊस, आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका चुलीसाठी लाकडं फोडायला बसत होते. मी म्हटलं थांबा काका, मी करतो. मनगटाएवढं लाकूड उभं धरलं, त्यावर पातं आडवं ठेवलं आणि वरून दांडक्याने ठोकायला सुरुवात केली. ह्याला बॅटनिंग म्हणतात, व्हिडिओत लय भारी दिसतं. तिसऱ्या ठोक्याला खट्. पातं लाकडात, मूठ माझ्या हातात आणि होकायंत्र घरंगळत अंगणातल्या चिखलात. काकांनी शांतपणे कोयता घेतला, दोन घावात लाकूड उभं चिरलं आणि मग माझ्या हातातल्या मुठीत डोकावून म्हणाले, "आत सुईदोरा हाय जणू. शिवून घ्या मग."

घरी येऊन ती मूठ उघडून बघितली तर आत काय, पात्याच्या मागून आलेली पेन्सिलीएवढी सळी आणि एक नट. बस. एवढ्या जिवावर सात इंचाचं पातं उभं होतं.

तर मुद्दा हा आहे की चाकू बघताना सगळे पात्याकडे बघतात आणि चाकू मोडतो तो बहुतेक मुठीपाशी. पात्याचं लोखंड मुठीत किती आणि किती रुंद गेलंय हे आधी बघायचं. फुल टँग म्हणजे तीच पट्टी मुठीच्या टोकापर्यंत जाते, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या फळ्या आणि रिव्हेट, कडेने बघितलं की लोखंड दिसतं. ठोकाठोकी करायची असेल तर हे सगळ्यात बिनधास्त. पण म्हणून अर्धी शेपटीवाले, म्हणजे ज्यांचं लोखंड मुठीत अर्धवटच गेलेलं असतं ते, सगळे फालतू असंही नाही. माझा दुसरा चाकू तसाच आहे, मोराचा कम्पॅनियन. स्वीडनमध्ये मोरा नावाचं गाव आहे, तिथले हे चाकूवाले, १८९१ पासूनचा कारखाना. पातं १०४ मिलिमीटर, म्हणजे चार इंचाच्या आसपास, जाडी फक्त २.५ मिलिमीटर. दिसायला म्हणाल तर प्लंबरच्या पेटीतला वाटतो, प्लॅस्टिकचं म्यान, रबरी मूठ, मित्राने बघून विचारलं की हा बागकामाचा आहे का. शेपटी मुठीत पूर्ण टोकापर्यंत जात नाही पण रुंद आहे आणि मूठ तिच्याभोवतीच ओतलेली आहे, नटबिट भानगड नाही. मला बाहेरून मागवून अडीच हजाराच्या आत पडला. तिकडे तो स्वस्तातला चाकू म्हणून ओळखतात, आपल्याकडे येईपर्यंत साहेब होतो.

आता जाडीचं. सर्व्हायव्हल म्हटलं की लोकांना पाच-सहा मिलिमीटरचं पातं लागतं, जसं काय दरवाजा उचकटायचाय. माझी साधी टेस्ट आहे, बटाटा. चाकूने बटाटा काप. पातळ पातं अलगद खाली उतरतं, जाड पातं अर्ध्यात गेलं की बटाटा कडकन फुटतो. आणि आपण डोंगरात खरंच करतो काय? कांदा-बटाटा कापतो, नायलॉनची दोरी तोडतो, तंबूच्या खुंट्यांना टोक काढतो, आणि पावसाळ्यात ओलं लाकूड पेटत नाही तेव्हा फांदीचा आतला कोरडा भाग काढून त्याच्या पातळ पातळ कुरळ्या साली सोलतो, त्या काडी लावली की पेटतात. ह्यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही. खरंच लाकूड तोडायचं असेल तर कोयता आहे ना, गावातला माणूस उगाच कमरेला लावून फिरत नाही. एकाच चाकूने सगळं करायला गेलात तर माझ्यासारखं होकायंत्र चिखलात शोधत बसाल.

आणि दुकानात नाहीतर पार्सल आलं की एक करा, हाताला साबण लावून मूठ धरून बघा (पातं म्यानातच ठेवून हो!). घसरली तर परत करा. पावसात, थंडीने बोटं आखडलेली असताना हात पुढे सरकला तर थेट पात्यावर जातो, मूठ आणि पात्याच्या मध्ये बोटाला अडेल असा उंचवटा पाहिजेच.

स्टीलच्या नावांनी डोकं फिरवून घेऊ नका. नुसतं सर्जिकल स्टील लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, कुठलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मोराचं १२सी२७ आहे, स्टेनलेस, गंजत नाही म्हणण्यापेक्षा सहज गंजत नाही. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, गारगोटीवर घासून ठिणगीही पाडता येते, पण कोकणात चार दिवस ओल्या म्यानात ठेवलं तर तांबूस होऊन बाहेर येणार. तेलाचं बोट फिरवायची सवय असेल तर कार्बन घ्या, नसेल तर सरळ स्टेनलेस.

धारेचं मात्र आधीच शिकून घ्या. मोरासारख्या चाकूंना प्रत्येक बाजूला धारेचा एकच रुंद उतार असतो, तो दगडावर सपाट टेकवायचा आणि घासायचा, कोन वगैरे आपण ठरवायची गरजच नाही, नवशिक्याला ह्यापेक्षा सोपं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरखरीत एक बारीक, पाणी टाकायचं आणि दोन्ही बाजू सारख्या वेळा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढायचं. दगडच नसेल तर चिनीमातीचा मग पालथा घाला, बुडाला जी खरखरीत कड असते ना त्यावर कामचलाऊ धार येते, मी करून बघितलंय. बोथट चाकूने जास्त जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो, माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची सही आहे.

तिसरा चाकू माझा सगळ्यात लाडका. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या, फिरून लोहारकाम करणाऱ्या घिसाडी कुटुंबाकडून करून घेतला, ३५० रुपये. जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा होता. मामा सांडशीत पट्टी धरून बसलेले आणि समोर मावशी उभ्या राहून घण मारत होत्या, मामा छोट्या हातोडीने जिथे टक् करतील बरोबर तिथेच घण पडायचा, एक शब्द न बोलता. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं, चार इंच, सरळ पाठ. मामांनी कागद बघितला आणि बाजूला ठेवला. मग शेवटी पाणी द्यायची, म्हणजे लोखंड कडक करायची, वेळ आली तेव्हा लाल पट्टीची फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली, बाहेर काढून वाळूवर घासून चकचकीत केली आणि बघत बसले. पाठीकडची राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि लोखंडावर गव्हाळ पिवळा रंग चढत येतो, तो रंग धारेला पोचला की परत पाण्यात. मी विचारलं एवढं कशाला. म्हणाले, "पाणी जास्ती झालं तर तुकडा उडंल, कमी झालं तर धार मुडपंल." जे मी चार वर्षं इंग्रजी व्हिडिओत टेंपरिंग म्हणून बघत होतो ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

पहिल्यांदा त्याने कैरी कापली तर पातं निळं-काळं पडलं. घाबरू नका, तो गंज नाही, उलट तो थर थोडाफार गंज अडवतो.

एक गोष्ट त्या पोराला मुद्दाम सांगितली. पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद आणि घरकाम-शेतीकामासारख्या वापराचं नसेल तर ते शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं, आपल्या चार इंचाला तो प्रश्न नाही. पण अभयारण्याचं वेगळं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर हे सगळं अभयारण्यात येतं, त्यामुळे तिकडे जाताना वनखात्याच्या चौकीवर विचारा नाहीतर चाकू घरीच ठेवा, आणि आग तर तिथे पेटवायचीच नाही. विमानाने जात असाल तर चेक-इन बॅगेत. आणि व्हिडिओसाठी जिवंत झाडं तोडणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, आई वाचते हा ब्लॉग.

पोराने शेवटी काय घेतलं माहीत नाही, लिंक परत आली नाही एवढं खरं. माझ्या घिसाडी चाकूची मूठ मात्र ह्या पावसाळ्यात फुगली, आता उन्हाने आकसून रिव्हेट खुळखुळायला लागलेत. जवसाचं तेल पाजून बघितलं, उशीर झाला होता. रविवारी गाडी काढून तिकडे जाणार आहे, पाल हलवलं नसेल तर.