बंब कुणाच्या नावावर?

आग विझवायला सनद, म्हणजे संस्थेला कायद्याचं अस्तित्व देणारा सरकारी दस्त, लागत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने ७ डिसेंबर १७३६ ला फिलाडेल्फियात उभी केलेली युनियन फायर कंपनी नुसत्या करारनाम्यावर चालायची. सभासदांनी सह्या करायच्या, कातडी बादल्या आणि सामान वाचवायला कापडी पिशव्या बाळगायच्या, झालं. बादली ज्याची त्याची, त्यामुळे मालकीचा वाद नाही.

वाद सुरू होतो तो सामायिक सामान वाढल्यावर. शिवलेला कातडी होज, म्हणजे पाण्याची नळी, दाबाखाली टाक्यांवर उसवायचा. तांब्याच्या रिबिटांनी जोडलेला होज फिलाडेल्फियातच १८०७ च्या सुमारास निघाला, आणि तो चांगला टिकायचा. मग होज, हातबंब, त्यासाठी घर, घरासाठी जागा. नोंदणी नसलेल्या मंडळाला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नाही, म्हणून खरेदीखत दोन-चार विश्वस्तांच्या नावावर व्हायचं. त्यांतला शेवटचा विश्वस्त वारला की कागदोपत्री हक्क त्याच्या वारसांकडे. वारस दुसऱ्या राज्यात, त्यातला एखादा अल्पवयीन, आणि बंबघर विकायचंय: आता फिरा सह्या गोळा करत. उधारीवर बंब घेतला असेल तर ज्यांनी सही केली त्यांच्या घरापर्यंत वसुली येऊ शकायची. सनद हवी असायची ती यासाठी.

विधिमंडळाकडून खास कायदा करून घेणं ही एक जुनी वाट होती. फिलाडेल्फिया ज्या राज्यात येतं त्या पेनसिल्व्हेनियाच्या नव्या राज्यघटनेने १ जानेवारी १८७४ पासून ती बंद केली आणि २९ एप्रिल १८७४ च्या कायद्याने सगळ्यांना एकच रस्ता आखून दिला. त्यात नफ्यासाठी नसलेल्या संस्थांचा पहिला वर्ग होता. चर्च, वाचनालय, दफनभूमी यांच्या रांगेत बंब, शिडी-आकडी (हूक अँड लॅडर) आणि होज कंपन्याही तिथेच बसल्या.

या कायद्याखाली अर्ज करणारे किमान पाच लागायचे, त्यांतले निदान तीन राज्याचे नागरिक. (आपल्याकडच्या १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला सात लागतात.) मसुद्यात नाव, उद्देश, ठिकाण, मुदत, अर्जदारांची नावं-पत्ते, पहिल्या वर्षाचे संचालक, आणि भागभांडवल असल्यास त्याचा आकडा. बंब कंपनीला सहसा भांडवल नसायचं. मग तसं स्वच्छ लिहावं, रकाना गाळू नये. निदान तिघांनी रेकॉर्डरसमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, मसुदा कबूल करायचा. जिल्ह्यातल्या दोन वर्तमानपत्रांत तीन आठवडे जाहिरात द्यायची. कागद प्रोथोनोटरीच्या, म्हणजे न्यायालयाचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत दाखल. हा हुद्दा मुंबई उच्च न्यायालयात आजही आहे, तेव्हा वकील वाचकांना दचकायचं कारण नाही.

मग न्यायाधीश मसुदा वाचणार. उद्देश कायदेशीर आहे का आणि समाजाला अपायकारक तर नाही ना, एवढंच पाहायचं. पण हे 'एवढंच' हलकं नव्हतं. फिलाडेल्फियात होज कंपन्यांनी आगीच्या जागी एकमेकांशी मारामाऱ्या केलेल्या. शहराने १५ मार्च १८७१ ला पगारी दल सुरू केलं त्यामागे हेही होतं. म्हणून उद्देशाच्या कलमात आगीवर नियंत्रण एवढंच लिहावं. नाचगाणी, मेजवान्या, सभासदांना आजारपणात मदत असं सगळं त्यात कोंबलं की कायद्यातल्या वेगळ्या उद्देशांची सरमिसळ होते आणि न्यायाधीशाला प्रश्न विचारायला जागा मिळते. दंड, गैरहजेरी, सभासद काढून टाकणं हे पोटनियमांत. तेही सनदेशी विसंगत नकोत.

सगळ्यात महागात पडणारी चूक मंजुरीनंतरची. हुकूम झाला म्हणजे कंपनी जन्मली असं नाही. सनद आणि हुकूम दोन्ही रेकॉर्डरच्या वहीत चढल्यावरच ती कायद्याने उभी राहायची. दुसरं म्हणजे जुनी मालमत्ता आपोआप येत नाही. जुन्या विश्वस्तांनी नव्या कंपनीच्या नावे वेगळं खत करून द्यावं लागतं, आणि ते सगळे हयात असतानाच उरकलेलं बरं. जुन्या कर्जावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांचीही सुटका सनदेने होत नाही. सावकाराने लेखी मोकळं करायला हवं.

खत लिहिणाऱ्यासमोर सनदेची प्रत ठेवावी. बंबाच्या बाजूला सोनेरी अक्षरांत रंगवलेलं नाव सुटसुटीत असतं. सनदेत मात्र 'हूक अँड लॅडर कंपनी', पुढे क्रमांक, पुढे गावाचं नाव. रंगाऱ्याचं नाव खतात उतरलं की दुरुस्तीचं खत आलंच.