बंडोपंतांचा मूड

समोरच्या काकू मुलाकडे कायमच्या पुण्याला गेल्या आणि त्यांचा बोका आमच्याकडे आला. पांढरा-पिवळा, नसबंदी झालेला, अंगाने भरलेला. नाव बंडोपंत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दडायला जागा पुष्कळ. पंत जे दिवाणाखाली शिरले ते ताटली वाजवली तरी बाहेर येईनात. सगळे झोपले की खाऊन जायचे.

काकू फोनवर म्हणाल्या, "ओढून काढू नकोस गं. माझी जुनी चादर टाक तिथे." चादर टाकली, शिवाय पंतांच्या शी-शूच्या जुन्या ट्रेमधली थोडी वापरलेली रेती नव्या ट्रेत मिसळली. मांजराला घर आपलं वाटतं ते वासाने. त्याच्या गालांत गंधाच्या ग्रंथी असतात, म्हणून चौकटीला, आपल्या पायांना गाल घासून ते आपला वास ठेवून जातं. पंतांनी पहिल्यांदा गाल घासला तो सासूबाईंच्या काठीला. खायला मी घालत होते, तेव्हा जरा लागलंच मनाला.

डोळे रोखून बघितलेलं मांजराला धमकीसारखं वाटतं. म्हणून मी जमिनीवर बसून भाजी निवडायची, आणि पंतांनी पाहिलं की पापण्या सावकाश मिटून उघडायच्या. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हेच तपासून प्रसिद्ध केलं: अशा संथ मिचकावण्याला मांजरं तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्याकडे यायला जास्त तयार होतात. पंतांनीही दिलं उत्तर, पण गवार संपत आल्यावर.

मग मांडीवर यायला लागले. घुरघुर चालू, डोळे मिटलेले, आणि मध्येच कचकन दात! हे म्हणाले, "लहरी आहे." मला नाही पटलं. नीट पाहिलं तर दात लागायच्या आधी ठरलेला क्रम असायचा: पाठीवरची कातडी थरथरते, शेपटीचं टोक फटफट हलायला लागतं, कान बाजूला वळतात. तिथेच हात काढून घेतला तर पंत आपले बसून राहतात. शेपटी ताठ उभी असेल तर स्वागत, फुलली असेल तर घाबरलंय. पोट दाखवून लोळणं म्हणजे विश्वास, 'पोटावरून हात फिरवा' असं आमंत्रण नव्हे. पाहुण्यांच्या मुलांना हे सांगून सांगून मी थकले.

खरी परीक्षा उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला झाली. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात प्रत्येक गच्चीवर भोंगे, 'काइपो छे'च्या आरोळ्या, रात्री फटाके. पंत कपाटावर जाऊन चिकटले. कान मागे सपाट, बुबुळं एवढी मोठी की डोळे काळेच दिसावेत. पतंग संपल्यावर खाली उतरले, पण सारखे ट्रेत जायला लागले. बसायचे, कण्हायचे, बाहेर येऊन तिथेच चाटत राहायचे. घरात मतं तयारच होती. सासूबाई म्हणाल्या बद्धकोष्ठ असेल, हे म्हणाले राग काढतोय, आणि कुणीतरी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवली. मांजराला ती विषासारखी असते, म्हणून ती मी डब्यातच ठेवली.

डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, "बेन, पेशाब थाय छे?" रेती कोरडी होती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. पोट चाचपलं तर मूत्राशय टणक लागत होतं. आणि टेबलावर पंत चक्क घुरघुरत होते! मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, हे डॉक्टर नळी घालायच्या तयारीत असताना सांगत होते. नुसत्या आवाजावर कुणी विसंबू नये ते यासाठी.

ताण हे या दुखण्याच्या कारणांपैकी एक. तेव्हापासून पाण्याची भांडी खाण्यापासून लांब, तीन ठिकाणी. जेवण ओलं. यंदा उत्तरायणाच्या आदल्या दिवशीच कपाटावर चादर घातली, ट्रे आतल्या खोलीत नेला आणि खिडक्या लावून घेतल्या. गच्चीवरून उंधियुं खायला बोलावत होते, तरी मी मधूनच खाली येऊन रेती बघून जात होते. दुपारी ओली होती, संध्याकाळी पुन्हा ओली. मग उंधियुंची ताटली घेतली.