पेंडिंग, पेंडिंग, मग फेल: एमडीएम ट्रायलची रोजनिशी

सोमवार

कंपनीची मशीन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एमडीएम (मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट), घेण्याआधी पारखायचं आहे. मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून हे तसंच एक. त्याची ट्रायल ३० दिवसांची. खातं उघडलं की घड्याळ चालू होतं, म्हणून आज ते उघडलेलं नाही. आधी मोजदाद: कुठल्या मशीनवर विंडोजची कुठली आवृत्ती, होम की प्रो, टीपीएम ही सुरक्षा-चिप आहे का, डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे का, लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे. ही यादी भरतानाच बरेच प्रश्न निकालात निघतात. होम आवृत्तीचं मशीन एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची कंपनी-खात्यांची सेवा) जॉइन होत नाही. तिथे आधी प्रोचं लायसन्स घ्यावं लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे काही जुने डेस्कटॉप सांभाळण्यापेक्षा बदललेले बरे.

ट्रायलसाठी पाच मशीन. नवाकोरा लॅपटॉप एकच. त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर छान चालतं, त्यातून काही कळत नाही. बाकीची मुद्दाम अडचणीची: वर्षानुवर्षं लोकल खात्यावर चाललेला डेस्कटॉप, आधीच एन्क्रिप्ट झालेला लॅपटॉप, अ‍ॅपल सिलिकॉनचा एक मॅक, आणि आठवड्यातले चार दिवस बंदच असणारं एक मशीन. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. डेमोत आदेश दिला की झालाच. ऑफिसातले बरेच लॅपटॉप त्या क्षणी झाकण मिटून पिशवीत पडलेले असतात. आदेश पोहोचला नाही तेव्हा कन्सोल (एमडीएमचं नियंत्रणाचं पान) काय सांगतो, हे या ट्रायलमध्ये बघायचं. फीचर्सची यादी तर वेबसाइटवरही वाचता येते.

एमडीएम आणि आरएमएम (दुरून देखरेख आणि दुरुस्ती करण्याचं सॉफ्टवेअर) यांची सरमिसळ नको. एमडीएम हे ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःच ठेवलेल्या दारातून आत जातं. त्या दारातून जेवढ्या सेटिंग्ज दिसतात तेवढ्याच हलवता येतात. आरएमएम आपला एजंट (मशीनवर सतत चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसवतं, त्याला पूर्ण अधिकार देतं आणि मग स्क्रिप्ट चालवणं, दुरून स्क्रीन बघणं वगैरे सगळं करतं. एन्क्रिप्शन, लॉक, वाइप (मशीन दुरून पुसणं) ही कामं एमडीएमकडेच हवीत. रोजच्या मदतीच्या कॉलसाठी आरएमएमला पर्याय नाही. दोघांना एकाच तक्त्यात बसवून गुण दिले तर निकाल चुकीचा येणारच.

मंगळवार

आज एनरोलमेंट, म्हणजे मशीन एमडीएमच्या ताब्यात नोंदवणं. विंडोजवर हाताने जोडायचं तर सेटिंग्ज, अकाउंट्स, मग ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’. इथे हमखास चूक होते. समोर ईमेलची चौकट दिसते, तीत पत्ता टाकला की मशीन नुसतं रजिस्टर होतं, जॉइन होत नाही. जॉइनची लिंक त्याच खिडकीत खाली बारीक अक्षरात असते. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टवर डीएसरेगसीएमडी ही आज्ञा स्टेटसच्या स्विचसह चालवावी: ‘अझूर-एडी-जॉइन्ड’ (अझूर एडी हे एन्ट्रा आयडीचं जुनं नाव) समोर येस हवं आणि एमडीएम यूआरएलची ओळ भरलेली हवी. जॉइन झालंय पण यूआरएल रिकामी, असं असेल तर दोष मशीनमध्ये शोधू नये. तो वापरकर्ता ऑटो-एनरोलमेंटच्या कक्षेत नाही किंवा त्याला लायसन्स दिलेलं नाही, बहुतेक वेळा यातलंच एक कारण निघतं.

नव्या लॅपटॉपसाठी ऑटोपायलट. मशीनचा हार्डवेअर हॅश (त्याच्या भागांवरून बनलेली ओळखीची खूण) आधी नोंदवायचा, म्हणजे पहिल्यांदा सुरू होतानाच ते कंपनीचं मशीन म्हणून उभं राहतं. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की हॅशही बदलतो. जुनी नोंद काढून नवी करावी लागते, आणि हे दुरुस्ती करणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या चेकलिस्टमध्ये ही ओळ हवीच.

मॅकचं सगळं पुश सर्टिफिकेटवर (मॅकला आदेश पाठवण्याचा अ‍ॅपलचा परवाना) अवलंबून. त्याची मुदत एक वर्ष, आणि नूतनीकरण त्याच अ‍ॅपल खात्यातून करावं लागतं. कुणी स्वतःच्या वैयक्तिक खात्यातून ते काढलं आणि नोकरी सोडून गेला, तर नवं सर्टिफिकेट काढून एकूण एक मॅक पुन्हा एनरोल करण्याची वेळ येते. म्हणून त्यासाठी वेगळं सामायिक खातं, आणि कॅलेंडरमध्ये अकराव्या महिन्याची आठवण. अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमध्ये (कंपनीच्या मशीनची अ‍ॅपलकडची नोंदवही) कॉन्फिग्युरेटर या अ‍ॅपने हाताने जोडलेल्या मशीनचे पहिले ३० दिवस कच्चे असतात. तेवढ्यात वापरणारा माणूस व्यवस्थापनातून बाहेर पडू शकतो.

नेटवर्कचं एक राहिलं. अ‍ॅपलचे पुश संदेश ५२२३ पोर्टवरून जातात, ते बंद असेल तर ४४३ वरून. फायरवॉलवर टीएलएस तपासणी (एन्क्रिप्ट केलेले संदेश मध्येच उघडून बघणं) चालू असेल तर मॅक ते मधलं सर्टिफिकेट मानत नाही आणि गप्प बसतो. कन्सोलात लाल काही दिसत नाही, नुसतं ‘पेंडिंग’. अशा वेळी मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघावं. पाच मिनिटांत आदेश पोहोचला तर दोष नेटवर्कचा.

जुना डेस्कटॉप एनरोलच होत नसेल तर आधी घड्याळ बघावं. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट वैधच ठरत नाही. लॉग चाळण्याआधी हे बघायचं.

बुधवार

पॉलिसी, म्हणजे मशीनवर लागू करायच्या सेटिंग्ज. नवं एनरोल झालेलं विंडोज मशीन पहिली १५ मिनिटं दर ३ मिनिटांनी विचारपूस करतं, पुढचे २ तास दर १५ मिनिटांनी, आणि नंतर साधारण दर ८ तासांनी. म्हणून पहिल्या दिवशी सगळं झटपट लागू होतं आणि मत चांगलं बनतं. खरा वेग तिसऱ्या दिवशी कळतो. चाचणीची पॉलिसी तेव्हाच बदलावी आणि सिंकचं बटण न दाबता वाट बघावी.

ग्रुप कुणाचा, हेही आजच ठरवायला हवं. मशीनच्या ग्रुपला दिलेली पॉलिसी कुणी लॉगिन केलं नाही तरी लागू होते. माणसांच्या ग्रुपला दिलेली माणूस आल्यावर. माणसांचा ग्रुप आत घेऊन मशीनचा ग्रुप वगळायचा, अशी खिचडी करू नये. इन्ट्यूनमध्ये त्याला आधार नाही आणि परिणाम काय होईल सांगता येत नाही.

जुन्या डोमेनमधून आलेल्या मशीनवर ग्रुप पॉलिसी (ऑफिसच्या सर्व्हरवरून आलेल्या विंडोजच्या सेटिंग्ज) अजून जिवंत असते. दोन्हींत तंटा झाला की मूळ रीतीने ग्रुप पॉलिसी जिंकते. एमडीएमला जिंकवणारी सेटिंग आहे, पण ती पॉलिसी सीएसपी या एका गटातल्या सेटिंग्जपुरतीच. बाकी ठिकाणी ती काही करत नाही. दोन पॉलिसींनी एकाच सेटिंगला वेगळी किंमत दिली तर कन्सोल ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतो, ते परवडलं. अडचण त्या पॉलिसीची, जी ‘सक्सीडेड’ दाखवते आणि मशीनवर दिसत नाही. रोज एक सेटिंग निवडून प्रत्यक्ष मशीनवर जाऊन बघायची, असं ठरवलं आहे.

गुरुवार

अ‍ॅप्स. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि डेमोत सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल.

इन्स्टॉलर एमएसआय असेल तर सोपं. ईएक्सई असेल तर त्याचा सायलेंट स्विच (काही न विचारता बसवण्याची सूचना) शोधायचा आणि आधी हाताने चालवून बघायचा, तोही सिस्टिम खात्याखाली (विंडोजच्या स्वतःच्या खात्यातून). आपल्या लॉगिनमध्ये नीट बसणारं अ‍ॅप सिस्टिमखाली अडकतं, कारण इन्स्टॉलर कुठेतरी ‘ओके’ दाबण्याची वाट बघत असतो आणि ती खिडकी कुणालाच दिसत नाही. एक तासाने टाइमआउट. काही इन्स्टॉलर वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्येच बसतात; सिस्टिमखाली चालवले तर ते सिस्टिमच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतात. कन्सोल म्हणतो बसलं, आणि माणसाच्या स्टार्ट मेनूत काहीच नाही.

दुसरी खोच ३२ बिटची. इन्ट्यूनचा विंडोजवरचा मदतनीस ३२ बिटमध्ये चालतो. तिथून सिस्टिम३२ म्हटलं की विंडोज गुपचूप सिस-वॉव-६४ मध्ये पाठवतं, आणि रजिस्ट्रीच्या नोंदी वॉव-६४३२-नोडखाली जातात. स्क्रिप्ट हाताने चालते, पुश केली की फसते, याचं कारण बरेचदा हेच. स्क्रिप्टमध्ये सिसनेटिव्हचा पाथ वापरला की सुटतं.

तिसरी गोष्ट डिटेक्शन रूल. अ‍ॅप बसलं हे सॉफ्टवेअरला कसं कळावं, तर आपण सांगितलेल्या खुणेवरून. आवृत्ती ‘इतकीच’ अशी खूण दिली आणि अ‍ॅप स्वतःहून अपडेट झालं, की खूण जुळत नाही आणि जुनी आवृत्ती पुन्हा बसवण्याचा खेळ सुरू. ‘इतकी किंवा जास्त’ असं लिहावं. बसवण्यात अपयश आलं तर पाच-पाच मिनिटांनी तीन प्रयत्न होतात, मग पुढचा फेरा २४ तासांनी. त्यामुळे चूक दुरुस्त करून लगेच निकाल मागितला तर कन्सोल जुनंच अपयश दाखवत राहतो.

रिटर्न कोडही बघून ठेवावेत: ० आणि १७०७ म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट हवा, १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, पुन्हा प्रयत्न होईल. लॉग सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटाच्या आत मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये असतात. कन्सोलातला ‘अननोन एरर’ वाचण्यापेक्षा ते वाचावेत.

शुक्रवार

एन्क्रिप्शन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) गुपचूप चालू व्हायला टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतं, आणि स्टार्टअप पिनची अट घातली तर गुपचूप होतच नाही. दोन्ही एकाच पॉलिसीत मागितलं की ती फसते. आधीच एन्क्रिप्ट असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक घोळ: तो १२८ बिटचा, पॉलिसी मागते २५६. चालू एन्क्रिप्शनची ताकद जागच्या जागी बदलत नाही. पूर्ण डिक्रिप्ट करून पुन्हा चालू करावं लागतं, तोवर अहवालात तो ‘नॉन-कम्प्लायंट’.

४८ अंकी रिकव्हरी की (एन्क्रिप्ट झालेली डिस्क उघडण्याची आणीबाणीची किल्ली) कन्सोलात दिसली म्हणून समाधान मानू नये. मशीनवर मॅनेज-बीडीई या आज्ञेने प्रोटेक्टरची, म्हणजे डिस्कच्या किल्ल्यांची, यादी बघून की आयडीचे पहिले आठ वर्ण कन्सोलातल्या नोंदीशी ताडावेत. मग एकदा मुद्दाम रिकव्हरीचा पडदा आणून ती की टाकून बघावी. मॅकवर एनरोल होण्याआधीच फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर की एमडीएमकडे नसते; ती नव्याने काढून घ्यावी लागते.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष फाइलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याएवढीच होती, पण तिथे पोहोचायला ही की लागत होती. ज्यांच्या कीज ठेवलेला सर्व्हरही त्याच दिवशी बंद पडला, ते अडकले. म्हणून कीज बघण्याचा दुसरा मार्ग हवा, आणि तो वापरून पाहिलेला हवा.

वाइप दिला. लक्षात ठेवण्यासारखं: मशीन नेटवर येईपर्यंत तो रांगेतच राहतो, आणि वाइपनंतर वाय-फायचं प्रोफाइलही गेलेलं असतं. दुसऱ्या गावातल्या माणसाला फोनवर पासवर्ड सांगावा लागणार.

शनिवार

पॅचेस. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे येतात. ते ० ते ३० दिवस लांबवता येतात. तीन गट पुरतात: पहिला ० दिवस, दुसरा ४, बाकी सगळे १०. पहिल्या गटात फक्त आयटीची मशीन ठेवून भागत नाही, त्यांच्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर नसतं. प्रत्येक विभागातलं एक तरी मशीन हवं.

सोमवार

बाहेर पडण्याची चाचणी, जी सहसा कुणी करत नाही. एक मशीन ‘रिटायर’ केलं, म्हणजे न पुसता एमडीएममधून सोडवलं. पुश केलेली विन३२ अ‍ॅप्स तशीच राहिली, डिस्क एन्क्रिप्टच राहिली, काही सेटिंग्ज रजिस्ट्रीत गोंदल्यासारख्या बसून राहिल्या. जे उरलं त्याची यादी केली. पुढे विक्रेता बदलायचा झाला तर कामाचा आकार त्यावरून ठरेल. मॅक बिझनेस मॅनेजरमधून रिलीज केल्याशिवाय विकायचा नाही, नाहीतर नव्या मालकाने पुसला तरी आपल्याच एनरोलमेंटचा पडदा पुढे येईल.

अधिकारांचंही आजच. जुलै २०२१ मध्ये कसेयाच्या व्हीएसए या आरएमएममधूनच रॅन्समवेअर ग्राहकांच्या मशीनवर पसरलं. ज्याला हजार मशीनवर अ‍ॅप बसवता येतं त्याला हजार मशीन पुसताही येतात. वाइपचा अधिकार दोनच खात्यांना, दोन्हींना एमएफए (पासवर्डखेरीज दुसरी खातरजमा), आणि मोठ्या संख्येने दिलेल्या वाइपला दुसऱ्या माणसाची मंजुरी मागता येते का, हा प्रश्न विक्रेत्यांना लेखी पाठवला.

बंद असणारं मशीन अजून बंदच आहे. त्याच्या नावावर गेल्या बुधवारची पॉलिसी, गुरुवारचं अ‍ॅप आणि शुक्रवारचा वाइप, तिन्ही रांगेत. शेवटचा संपर्क: मागचा मंगळवार, संध्याकाळी ६.१०. उद्या ते सुरू होईल तेव्हा तिन्हींपैकी आधी काय लागू होतं ते टिपायचं आहे.