१५० आणि १५० सारखे नाहीत म्हणे

मी नऊ वर्षं जावात काढली, मग पायथन, आणि आता गो. पुण्यातल्या आमच्या टीममध्ये या तिन्ही भाषांतला कोड रोज चालतो, त्यामुळे नव्या मुलांना तयार करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. सुरुवातीला दर शुक्रवारी तासभर स्लाइड्स दाखवायचो. मुलं माना डोलवायची आणि सोमवारच्या कोड रिव्ह्यूत पुन्हा त्याच चुका.

पायथनमधून आलेल्या एका मुलाने गोदामातल्या साठ्याचा मेळ घालणारा जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम, जावात लिहिला. नोंदीतला आकडा आणि स्कॅनरचा आकडा सारखा नसेल तर तफावत दाखवायची, एवढंच काम. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. रात्री खरा डेटा आला आणि तफावतींची यादी संपेना. ४० आणि ४० बरोबर, पण १५० आणि १५० तफावत! सकाळी तो चेहरा पाडून आला. "दादा, काल चालत होतं हो सगळं."

कारण मला बघताक्षणीच कळलं. एरवी मी कीबोर्ड ओढून दोन मिनिटांत दुरुस्त करून दिलं असतं. त्या दिवशी मुद्दाम हात आवरले. म्हटलं, "आकडे बदलत जा, नेमकं कुठे बिघडतं ते शोध." बऱ्याच खटपटीनंतर त्याला सापडलं: १२७ पर्यंत ठीक, १२८ ला बिघडतं.

मग विचारलं, पायथनमध्ये 'इज' कधी लावतोस? "वस्तू तीच आहे का बघायला." आणि डबल इक्वल? "किंमत सारखी आहे का बघायला." जॉबमध्येही त्याने डबल इक्वलच लावलं होतं. पण जावात दोन इंटिजर ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे पूर्ण आकडा धरून ठेवणाऱ्या वस्तूंमध्ये, डबल इक्वल लावलं की ते पायथनच्या 'इज'सारखं वागतं. −१२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं; त्यापुढे एरवी दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो. तो क्षणभर थांबला. "म्हणजे पायथनमध्ये 'इज' २५६ पर्यंत चालून जातं, तसंच?" अगदी तसंच. हे मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच जोडलं. डबल इक्वलच्या जागी किंमत तपासणारं इक्वल्स टाकलं आणि १२८ ची टेस्टही आपणहून लिहिली.

तेव्हापासून नव्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो: आधी कशात लिहायचास? हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत टिंगल. कोडमध्येही असंच होतं, चिन्ह ओळखीचं असतं म्हणून संशयच येत नाही. जावावाला पायथनमध्ये फंक्शनच्या डीफॉल्ट पॅरामीटरला (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची किंमत) रिकामी लिस्ट देतो आणि दर कॉलला नवी मिळेल असं धरून चालतो. पायथन ती एकदाच बनवतो, मग एका ग्राहकाच्या वस्तू दुसऱ्याच्या बिलात. गोमध्ये आला की तोच माणूस परत आलेली एरर अंडरस्कोरला देऊन, म्हणजे न बघताच टाकून, मोकळा होतो, कारण जावात एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आपोआप वर जातं ही जुनी सवय.

याला वेळ लागतो. आठवड्यातल्या दोन सकाळी यासाठी राखून ठेवायला मला लीडशी बरंच भांडावं लागलं, आणि ते भांडण मी पुन्हाही करेन.

मागच्या महिन्यात आमच्या एका गो सर्व्हिसमधली, लूपच्या (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणाऱ्या कोडच्या) आत व्हेरिएबलची प्रत करणारी जुनी ओळ मी काढायला घेतली. गोच्या १.२२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, दर फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं, मग ती कशाला? तोच मुलगा शेजारी बसला होता. म्हणाला, "दादा, थांबा. प्रोजेक्टच्या मॉड फाइलमध्ये गोची आवृत्ती अजून १.२१ आहे, म्हणजे जुनाच नियम लागू. ती ओळ काढू नका."